गाळलेलं वाक्य

ईस्टरच्या आधीचा मोठा उपास सुरू झाला की वल्रोशच्या मठात भक्तीपेक्षा चिडचिड जास्त व्हायची. अंडी बंद, लोणी बंद, चीज बंद. दुपारी एकदा उकडलेले वाटाणे आणि जवाचा काळा पाव, त्यावर दिवस काढायचा. मार्न नदीवरचं धुकं तिसऱ्या प्रहरापर्यंत हलायचं नाही. पुस्तकांच्या नकला व्हायच्या त्या लेखनशाळेत पुस्तकं पेट घेतील ह्या भीतीने शेगडीही पेटवायची नाही, त्यामुळे शाई आणि बोटं दोन्ही गोठायची.

आदलार ह्या लेखनशाळेचा प्रमुख होता. पन्नाशी ओलांडलेला, हडकुळा, तोंडाचा फटकळ. मठात दर उपासाला कुणाला तरी संत दिसायचे, कुणाला मृत गुरुबंधू गच्चीवर फिरताना दिसायचे. असं कुणी सांगायला आलं की आदलार आधी विचारायचा, "सकाळपासून पोटात काय गेलंय?" बहुतेक वेळा तिथेच विषय संपायचा.

त्या वर्षी त्याने हाती घेतलेलं काम मोठं होतं. जुन्या काळापासून कुणी बिशप अडला की पोपला पत्र लिहून विचारायचा, पोप पत्रानेच उत्तर द्यायचा, आणि ते उत्तर धर्माचा कायदा होऊन बसायचं. अशी शेकडो पत्रं मठामठांतून विखुरलेली होती. ती एकत्र करून नवा संग्रह तयार करायचा होता. पत्र जितकं जुनं तितकं त्याचं वजन जास्त. हयात पोपला आर्चबिशप सरळ उलट उत्तर पाठवायचे, पण पाच-सहाशे वर्षांपूर्वी मेलेल्या पोपशी कोण हुज्जत घालणार?

संग्रह मठासाठी होता हे खरं. पण आदलारचा जीव त्यात अडकला होता तो दादासाठी.

त्याचा सख्खा थोरला भाऊ हादुल्फ तोर्नाकचा बिशप होता. राजा आणि राजाचा मुलगा ह्यांच्यात तलवारी निघाल्या, आणि तिथल्या सरदाराने संधी साधली. बंडखोर मुलासाठी बिशपने शहराचा दरवाजा उघडला, असा आळ त्याने घेतला. धादांत खोटं होतं ते. त्या दिवसांत हादुल्फ तापाने अंथरुणाला खिळलेला होता. पण सरदाराने चौकशीआधीच त्याचं घर, गुरं, द्राक्षमळे सगळं घशात घातलं आणि त्याला नदीपलीकडच्या आपल्या वाडीवर पहाऱ्यात ठेवलं. ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणारा पेंटेकॉस्टचा सण झाला की ब्रुसीला धर्मसभा बसणार होती. तिथे बिशप मंडळी त्याच्या बोटातली बिशपपदाची अंगठी काढून घेणार, मग तो राजाच्या हवाली. आणि हा राजा फितुरांना मारत नसे, त्यांचे डोळे काढत असे.

ज्याला लुटून हाकललं त्याला आधी सगळं परत द्या, मगच त्याचा न्याय करा, एवढं एखाद्या जुन्या पोपने स्पष्ट लिहिलेलं असतं तर हादुल्फ वाचला असता. घर परत मिळवायलाच दोन वर्षं गेली असती, तोवर राजाही निवळला असता. आदलारने डोळ्यात तेल घालून सगळी पत्रं चाळली. आडून आडून पुष्कळांनी लिहिलं होतं, स्पष्ट कुणीच नाही. तेव्हा त्याने ते स्वतः लिहिलं.

जुन्या पोपांच्या यादीत सिलानुस म्हणून एक होता. नाव सोडून त्याचं काहीच उरलं नव्हतं. आदलारने त्याच्या तोंडी पत्र रचलं. एक ओळ एका संताच्या प्रवचनातली, एक रोमच्या जुन्या कायद्यातली, दोन स्तोत्रांतल्या. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवावी तसं ते शिवलं, टाके दिसणार नाहीत इतकं नीट. कच्चा मसुदा मेणाच्या पाटीवर केला होता, तो त्याच संध्याकाळी अंगठ्याने पुसून सपाट केला. हे पाप आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दादाच्या डोळ्यांपुढे ते त्याला स्वस्त वाटलं. पापांच्या कबुलीच्या वेळीही त्याने ते कुणाला सांगितलं नाही.

अडचण एकच होती. वल्रोशमध्ये नक्कल झाली की ती ताडून पाहायची पद्धत होती. एकाने नवी नक्कल मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने मूळ पुस्तक मांडीवर घेऊन ओळींवरून बोट फिरवत ऐकायचं. त्याखेरीज एकही पान शिवणीला जायचं नाही. आदलारने ह्या कामाला फुल्कोबाबांना बसवलं. फुल्कोबाबा मठातले सगळ्यात म्हातारे. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, पण मला दिसत नाही हे मरेपर्यंत कबूल न करणारे. दहाव्या ओळीला त्यांची मान छातीवर पडायची.

त्या सकाळी आदलार वाचायला बसला. फुल्कोबाबांच्या मांडीवर मूळ पुस्तक होतं आणि त्यात त्या जागी अभिषेकाच्या तेलाबद्दलचं पत्र होतं. आदलार त्यावरून घसरत सिलानुसच्या पत्रात शिरला. आवाज बदलला नाही, वेग बदलला नाही.

फुल्कोबाबांचं बोट चालत राहिलं. ओळ संपली की खाली यायचं, पुन्हा डावीकडून सुरू व्हायचं. म्हातारा आज झोपत नव्हता.

"थांब," फुल्कोबाबा म्हणाले. "गाळलंस."

आदलारने ओळीवर बोट धरलं. "काय गाळलं, बाबा?"

"अख्खं वाक्य गाळलंस. 'सर्व काही परत करावे' आणि 'मग न्याय करावा' ह्यांच्या मधलं. मला आंधळा समजलास काय?"

आदलार उठून त्यांच्या मागे गेला. बोटाखाली लिहिलं होतं, अभिषेकाचे तेल चांदीच्या कुपीत ठेवावे. वर तेल, खाली तेल. सिलानुसचं नाव त्या पानावर कुठेच नव्हतं.

"बाबा, तुम्हीच सांगा काय राहिलं ते," तो म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला.

फुल्कोबाबांनी पानाकडे पाहिलंही नाही. मान वर करून, शाळकरी पोराच्या एका सुरात, त्यांनी म्हटलं, "परंतु दुष्काळात ज्याने कोठाराला आतून कडी घातली, आणि दाराशी आलेल्यांना उजाडेपर्यंत हाका मारू दिल्या, त्याला काहीही परत करू नये. त्याच्या घरात त्या हाकाच राहोत."

"हे... कुठे वाचलंत तुम्ही?"

"वाचलं? अरे, मिसरूड फुटायच्या आधी पाठ करून घेतात हे. तुमच्या पिढीला पाठांतर म्हटलं की ताप येतो. लिही कडेला आणि चल पुढे, माझे पाय गारठलेत."

नंतर लिहितो, असं आदलार म्हणाला. लिहिलं नाही. दुपारपर्यंत त्याने स्वतःची समजूत घातली. म्हाताऱ्यांच्या डोक्यातही गोधडीच असते, कुठलं तरी प्रवचन कुठल्या तरी पत्राला चिकटलं असेल. पण दुपारचे वाटाणे त्याने तसेच ठेवले.

उपास संपत आला तेव्हा ऱ्हाईनपलीकडच्या एका मठातून वाल्डो नावाचा साधू मुक्कामाला आला. त्यांच्या मठात द्राक्षांची कलमं हवी होती. गोल चेहऱ्याचा, खिदळणारा माणूस. लेखनशाळा बघायला आला आणि वाळत घातलेल्या पानांवरून वाकून वाकून फिरला.

"अरे वा, सिलानुस! बरं झालं," तो म्हणाला. "आमच्या पुस्तकातलं हे पान उंदरांनी कडेने खाल्लंय. नक्कल देता का?"

आदलारने हातातली लेखणी खाली ठेवली. "तुमच्याकडे आहे हे?"

"म्हणजे काय! ज्यांनी आमचा मठ बांधला त्यांनीच येताना आणलेलं." वाल्डो पानावर आणखी वाकला. "पण हे काय? कडीचं वाक्य कुठाय? तुम्हा पश्चिमेकडच्या लोकांना उपासात अक्षरंसुद्धा खायची सवय दिसते."

कोपऱ्यातून फुल्कोबाबा हसले. "मी सांगून दमलो. आता तूच सांग त्याला."

"काय वाक्य आहे ते?" आदलारने विचारलं.

वाल्डोने ते म्हटलं. शब्दाला शब्द. फुल्कोबाबांसारखंच, मान वर करून.

त्या दिवशी आदलारने पुसलेली मेणाची पाटी खिडकीपाशी नेली आणि तिरप्या उजेडात धरून पाहिली. टाकाचा एखादा ओरखडा तरी लाकडापर्यंत गेला असेल, आपण लिहिलं होतं एवढं तरी दिसेल. मेण गुळगुळीत होतं. कुणाला सांगावं तर दादा गेला, न सांगावं तर डोकं फिरायची वेळ. त्याला भीती वाटत होती आणि भीतीपेक्षा जास्त राग येत होता. माझ्या पत्रात बोलणारा हा कोण?

ईस्टर झाल्यावर मठाधिपतींची परवानगी काढून तो नावेने पलीकडे गेला. हादुल्फला सरदाराच्या वाडीवर गुरांच्या गोठ्यालगतच्या खोलीत ठेवलं होतं. दारावर भाला घेतलेला शिपाई. आदलारने आणलेली अंडी त्याने आधी स्वतः हुंगली, त्यातली दोन काढून घेतली, मग आत सोडलं.

हादुल्फ वाळला होता. पण ताठा तोच. "ये, आदो. बघ तुझ्या भावाचा राजवाडा. शेजारी थोर कुळातले आहेत, रात्रभर रवंथ करतात."

"दादा, सभेची तयारी झाली."

"काय वाचणार आहेस?"

आदलार दाराकडे पाहून हळू आवाजात म्हणाला, "एक पत्र आहे. पोप सिलानुसचं म्हणून..."

"तेच वाच," हादुल्फ सूप ओरपत म्हणाला. "लुटलेल्याला आधी लूट परत द्या. त्याहून चांगलं दुसरं कुठलं? मी तुला तेच सांगणार होतो."

गोठ्यात एक गाय खोकली. ते पान वल्रोशच्या बाहेर गेलं नव्हतं.

"दादा, त्यात एक वाक्य..."

हादुल्फचा चमचा वाडग्यात थांबला.

"ते वाचू नकोस," तो म्हणाला.

कुठलं वाक्य, असं त्याने विचारलं नाही. आदलारनेही कोठाराचं विचारलं नाही. मोठ्या दुष्काळाच्या वर्षी दादाने मठाला निरोप पाठवला होता की तोर्नाकची कोठारं झाडून रिकामी झाली आहेत. आदलारने तेव्हा त्याच्यासाठी प्रार्थना केली होती. आता विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि उत्तर घेऊन तो सभेत उभा राहू शकला नसता. तो निघाला तेव्हा हादुल्फने त्याचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

पेंटेकॉस्टनंतर ब्रुसीच्या चर्चमध्ये सभा बसली. उन्हाळा चढला होता. जमिनीवर पसरलेल्या ताज्या लव्हाळ्यांचा ओला वास, जाड लोकरी झग्यांतल्या घामाचा वास. दोन्ही बाजूंना बिशप ओळीने बसले होते. समोर आर्चबिशप, दारापाशी सरदार आणि त्याचे शिपाई. मधोमध हादुल्फ उभा होता. त्याच्या झग्याला गोठ्याचा वास येत होता आणि जवळच्या बिशपने नाकाला रुमाल लावला होता.

सरदाराचं बोलून झालं. आर्चबिशपने आदलारकडे पाहिलं. "आरोपीच्या बाजूने काय वाचायचं आहे?"

आदलार पुस्तक घेऊन उभा राहिला. पोप सिलानुसचं नाव घेताच ओळींमधून समाधानाचा हुंकार उठला. कुणीही भुवई उंचावली नाही. कुणीही विचारलं नाही की हा पोप कोण, हे पत्र कुठून काढलंस. त्या प्रश्नासाठी त्याने रात्री जागून उत्तर तयार केलं होतं.

तो वाचत गेला. ज्याला घरातून काढले. ज्याची गुरे नेली. ज्याचे मळे घेतले. त्याला सर्व काही परत करावे.

पुढची ओळ पानावर स्पष्ट होती. मग न्याय करावा.

त्याने ती वाचली.



मग पुढच्या ओळीतला एक म्हातारा बिशप पुटपुटू लागला. त्याच्या शेजारचाही. स्तोत्र म्हणताना पुढचा माणूस कडवं चुकला की मागचे आपसूक ते धरतात, तसं. कुणी आवाज चढवला नाही. परंतु दुष्काळात ज्याने. कोठाराला आतून कडी घातली. दोन्ही बाजूंनी तो सूर मधे येऊन मिळाला. उजाडेपर्यंत हाका मारू दिल्या.

आदलारने दाराकडे पाहिलं. शिपायांचे ओठ हलत होते. त्यांच्यातल्या एकालाही लॅटिनचं अक्षर येत नव्हतं.

त्याच्या घरात त्या हाकाच राहोत.

"खोटं आहे!" आदलार ओरडला. "हे पत्रच खोटं आहे! मी लिहिलंय. ह्या उपासात, माझ्या हाताने! सिलानुसने काही लिहिलेलं नाही. मला शिक्षा करा, पण ह्यावर न्याय करू नका!"

कुणीही संतापलं नाही. तेच भयंकर होतं. काही जणांनी खाली पाहिलं. आर्चबिशपच्या चेहऱ्यावर दया होती, अगदी खरी.

"बस, बाळा," ते म्हणाले. "भावाची माया असते. आम्हाला कळतं."

"मी लिहिलंय! फुल्कोबाबांना विचारा, मूळ पुस्तक आणून बघा..." आणि फुल्कोबाबा काय सांगतील ते आठवून त्याने पुस्तक मिटलं.

"आदो, पुरे," हादुल्फ म्हणाला.

त्याने मान वळवून भावाकडे पाहिलं. चेहऱ्यावर थकवा होता, आणि सुटल्यासारखं काहीतरी.

"तू गाळशील असं वाटलं होतं मला. बरं वाटलं. पण सगळ्यांना पाठ आहे ते." मग तो बिशपांकडे वळला. "कोठार भरलेलं होतं. छपरापर्यंत. राजाचं सैन्य येईल म्हणून राखलं होतं. ते आलंच नाही. धान्याला कीड लागली."

आर्चबिशप उठले. हादुल्फने अंगठी स्वतःच काढून दिली. बोटं इतकी बारीक झाली होती की ओढावी लागली नाही. दरवाजाचा आळ कुणाला आठवलाच नाही. शिपायांनी चर्चचं दार उघडलं आणि बाहेरून कोळशाचा वास आत आला. भर उन्हाळ्यात, अंगणात, राजाचा माणूस सळया तापवायला शेगडी फुलवत बसला होता.

आदलार धावत पुढे गेला. कुणी अडवलं नाही. "दादा, तू तरी सांग त्यांना! तुला माहीत आहे. मी लिहिलं ते. तू कुठून पाठ करणार?"

हादुल्फने त्याच्या गालावर हात ठेवला. लहानपणी कधी ठेवला नव्हता, तसा.

"वेडा आहेस. शेजारी बसून पाठ केलं ना आपण? तू नेमका ह्याच वाक्याला अडायचास. मी कानात सांगायचो."

आदलारला म्हणायचं होतं की दादा, तू शाळेत गेलास तेव्हा मी पाळण्यात होतो. आपण एका छपराखाली एक दिवसही शिकलेलो नाही. त्याने तोंडही उघडलं. तोवर ते हादुल्फला उंबऱ्यापलीकडे घेऊन गेले होते.

तो लव्हाळ्यांवर बसून राहिला. आपण पत्र लिहिलं तो दिवस त्याने आठवून पाहिला. थंडी होती. धुकं होतं. पाटी होती. पाटीवर काय होतं ते येईना. त्याऐवजी दुसरंच काहीतरी यायला लागलं, हळूहळू, पण अगदी नीट. बुटकं बाक. पायांखाली गार माती. शेजारी दादाचा कोपर बरगडीला लागलेला, आणि कानात त्याचा गरम श्वास, अडलेला शब्द पुरवणारा. हिवाळा होता. खोलीचं दार आतून लावलेलं होतं आणि बाहेरून कुणीतरी हाका मारत होतं, बायका, पोरं, पुष्कळ जण. गुरुजी छडीने ताल धरत म्हणत होते, आवाज वाढवा.

दोघांनी वाढवला.